भावाची शिष्यवृत्ती ‘मंजूर’ दिसते, खात्यात रुपया नाही आणि परीक्षेचा फॉर्म अडलाय

धाकट्याची_ताई | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन. आबा आणि आई शेतात राबतात, मी शहरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. धाकटा भाऊ पुण्यात एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून नंबर लागला, खुला प्रवर्ग. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे जिला सगळे ईबीसी म्हणतात, ती त्याला पहिल्या वर्षापासून लागू आहे.

हिशोब असा. शिक्षण शुल्क ९६,०००. त्यातले निम्मे, ४८,०००, सरकार देणार. उरलेले ४८,००० आणि वर ११,००० विकास शुल्क आम्ही भरायचं. विकास शुल्क या योजनेत धरत नाहीत हे आम्हाला पहिल्या वर्षी खिडकीवर पैसे मोजतानाच कळलं. तर दरवर्षी ५९,००० आम्ही भरत आलोय, एकदाही चुकवलेले नाहीत. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती दोन हप्त्यांत भावाच्या खात्यात आली, त्याने ती कॉलेजात भरली. तेव्हा काही त्रास झाला नाही.

दुसऱ्या वर्षाची, २०२४-२५ ची, आलीच नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, त्याच्या लॉगिनमध्ये अर्ज ‘मंजूर’ दिसतो. पासबुक भरून आणलं, जानेवारीपासून आजपर्यंत शिष्यवृत्तीची एक नोंद नाही. कॉलेज म्हणतं, आम्ही अर्ज पुढे पाठवला, मंजूरही झाला, आता आमच्या हातात काही नाही. बँक म्हणते, आमच्याकडे काही आलंच नाही तर आम्ही काय सांगणार.

त्यात यंदाचा नूतनीकरणाचा अर्जही अडकलाय. सप्टेंबरात भरला होता. बरेच दिवस छाननी चालू आहे असं दिसत होतं. परवा बघितलं तर अर्ज परत आलेला. कारण एका ओळीत दिलंय: उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. परत पाठवल्याची तारीख ६ ऑक्टोबर. म्हणजे महिना उलटून गेला, आणि आम्हाला एक मेसेज नाही.

भाऊबीजेला तो घरी आला होता तेव्हा यातलं काहीच बोलला नाही. ताटात १०१ रुपये टाकले, जेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेला. मला कळलं ते त्याच्या मित्राकडून. काल शनिवारी मी स्वतः पुण्याला जाऊन आले. खिडकीवरच्या मॅडमनी यादीत नाव शोधलं, माझ्याच हातातल्या पावतीच्या पाठीमागे पेन्सिलने ४८,००० लिहिलं आणि त्याखाली १८ नोव्हेंबर. विद्यापीठाच्या परीक्षा फॉर्मची ती शेवटची तारीख. म्हणाल्या, बाकी शून्य झाल्याशिवाय फॉर्मवर सही होणार नाही. रागावून नाही बोलल्या. माझ्या मागे तीस-चाळीस पोरं उभी होती, त्यांनाही हेच सांगायचं होतं त्यांना.

यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन उभ्या पाण्यात गेलं. शेंगांना जागेवर कोंब फुटले. आबा म्हणतात म्हैस विकू. घरात महिन्याला हाती पैसा येतो तो त्या म्हशीचा आणि माझ्या पगाराचा. म्हैस विकली तर पुढच्या वर्षीचे ५९,००० कुठून आणायचे?

मला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत. मंजूर झालेले पैसे गेले कुठे? परत आलेला यंदाचा अर्ज अजून वाचेल का? आणि १८ तारखेच्या आत फॉर्म भरून घ्यायला कॉलेजात कुणाशी बोलायचं? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. मी रोज रात्री बघते.

शेवटचं_सेमिस्टर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ताई, सेम टू सेम माझं झालं होतं दुसऱ्या वर्षाला. आईने बचत गटातून ३०,००० उचलले, महिन्याला दोन टक्क्यांनी. शिष्यवृत्ती अकरा महिन्यांनी आली. कॉलेजात दोनदा भरलेली रक्कम परत मिळायला अजून चार महिने लागले, तेही मी पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून. तेव्हा एक रुपया जरी भरलात तरी पावतीवर ‘शिष्यवृत्तीपोटी आगाऊ’ असं लिहून घ्या. नुसती ‘फी’ लिहिलेली पावती घेऊ नका. त्या एका शब्दासाठी मी खूप हेलपाटे घातलेत.

आणि भावाला रागावू नका. घरी सांगायची हिंमत होत नाही हो. रोज रात्री लॉगिन करून तेच पान बघत बसायचं आणि सकाळी लेक्चरला जायचं.

शिष्यवृत्ती_टेबल | १० नोव्हेंबर, रात्री ९.०५

ताई, मी खानदेशातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर १४ वर्षं आहे. आधी कागदी फॉर्म होते, नंतर ऑनलाइन आलं, दोन्ही बघितलंय. सगळ्यात आधी आबांना सांगा, म्हैस विकायची नाही. तुमचा अर्ज नामंजूर झालेला नाही. पैसे कुठेतरी आहेत, ते शोधायचे आहेत.

आता नीट वाचा. मुलं अर्जात पासबुकाचं पान जोडतात आणि समजतात की पैसे त्याच खात्यात येणार. तसं नसतं. थेट लाभाचे, म्हणजे सरकारी अनुदानाचे, शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकावर निघतात. तो आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे ते जाऊन पडतात. एका आधारला अशी एकच बँक असते, आणि जी सगळ्यात शेवटी जोडली ती खरी. पासबुकात काय छापलंय याला तिथे अर्थ नाही. भावाच्या पहिल्या वर्षाचे पैसे बरोबर आले आणि दुसऱ्या वर्षाचे आले नाहीत, म्हणजे मधल्या काळात ही जोडणी बदलली असण्याची दाट शक्यता आहे.

त्याला विचारा, पहिलं वर्ष संपल्यावर नवं सिम घेतलं का? कुठे पार्टटाइम कामाला लागला का? मोबाइलच्या दुकानात, स्टॉलवर अंगठा दिला का? पेमेंट बँकेचं खातं दोन मिनिटांत उघडतं आणि ‘सरकारी अनुदान या खात्यात घ्या’ ही संमती त्याच अंगठ्यात जाते. पोराला आपण सिम घेतोय एवढंच माहीत असतं. २०१७ मध्ये गॅसच्या अनुदानाचं देशभर असंच झालं होतं. लोकांचे पैसे त्यांना ठाऊकही नसलेल्या खात्यांत जाऊन पडले होते. माझ्या टेबलावर दरवर्षी अशी दहा-बारा मुलं तरी येतात.

बघायचं कसं? माय आधारच्या संकेतस्थळावर भावाच्या आधारने लॉगिन करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा तो नंबर चालू पाहिजे. आत ‘बँक सीडिंग स्टेटस’ आहे. सीडिंग म्हणजे आधारची बँकेशी हीच जोडणी. तिथे बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की बंद, आणि शेवटची तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही, पण नाव कळलं की झालं. त्याचा फोटो काढून ठेवा.

खातं अपुऱ्या केवायसीचं छोटं खातं असेल तर अजून एक भानगड असते. अशा खात्यात वर्षभरात मिळून एक लाखाच्या वर जमा होत नाही. मर्यादा ओलांडली की पैसे आल्या पावली परत जाऊ शकतात. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, ‘मंजूर’ आणि ‘पैसे सोडले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज उघडून हप्त्यांचं काय झालंय ते वेगळं बघा. रिडीम करायचं, म्हणजे हप्ता स्वीकारायचं बटण दाबायचं राहिलंय असं कुठे दिसलं तर ते त्याने स्वतः करायचं असतं. दुसऱ्या हप्त्याच्या आधी कॉलेजला हजेरी पडताळून पुन्हा पुढे पाठवावं लागतं. या योजनेत आधीच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी लागते. त्या यादीत नाव चुकून राहिलं तर अर्ज मंजूरच दिसत राहतो आणि दुसरा हप्ता निघत नाही. हे खिडकीवर विचारा, पण असं विचारा: ‘२०२४-२५ च्या दुसऱ्या हप्त्याच्या यादीत नाव गेलंय का?’ नुसतं ‘शिष्यवृत्ती का नाही आली’ असं विचारलंत तर उत्तर ‘वरून आली नाही’ हेच मिळणार.

यंदाच्या अर्जाचं. दाखला अस्पष्ट का झाला तेही सांगतो. फाइल १५ ते २५६ केबीमध्येच बसवावी लागते. मुलं कागदाचा फोटो काढतात, तो तीन-चार एमबीचा असतो, मग कुठल्यातरी ॲपमध्ये टाकून इतका दाबतात की तहसीलदारांची सही आणि बारकोड यांचा नुसता राखाडी डाग उरतो. मुलाच्या मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते बरं दिसतं. आमच्याकडे मोठ्या स्क्रीनवर रक्कम वाचता येत नाही. आठ लाखांच्या आत आहे हे मी कशावरून म्हणू? परत पाठवण्यावाचून इलाज नसतो. सेतूवर किंवा आपले सरकारच्या लॉगिनवर दाखल्याची मूळ पीडीएफ मिळते, ती फोटोपेक्षा मुळातच हलकी आणि स्वच्छ असते. तीच जोडा. अर्जात बारकोड क्रमांक मागतात तिथे एक एक आकडा तपासून भरा. दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा आहे ना, तेवढं बघा.

मेसेज आला नाही याचं कारण बहुतेक प्रोफाइलमध्ये जुना मोबाइल नंबर आहे. तो आजच बदला.

पुन्हा सादर केलात की अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, त्यांनी पुढे केल्यावर प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि तिथून तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालक कार्यालयाकडे. माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला पडून राहतात. लिपिक ‘मी केलं’ म्हणतो ते खरं असतं, पण पुढच्या लॉगिनला कुणी बसलेलंच नसतं. आमच्याकडे ११०० अर्ज आणि दोन माणसं. तेव्हा ‘पाठवला का’ असं विचारू नका, ‘आत्ता कुणाच्या लॉगिनला आहे’ असं विचारा.

राहिला परीक्षेचा फॉर्म. खिडकीवरच्या मॅडमशी भांडून उपयोग नाही, त्यांना तो अधिकारच नसतो. प्राचार्यांच्या नावाने एक पानी अर्ज लिहा. अर्जाचा आयडी, मंजूर दिसणाऱ्या पानाची प्रिंट, सीडिंगच्या पानाची प्रिंट, तुम्ही भरलेल्या ५९,००० च्या पावत्या, आणि एक हमीपत्र: शिष्यवृत्तीची रक्कम जमा होताच सात दिवसांत भरू. दोन प्रती करा, कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका. शिष्यवृत्तीतून येणारी रक्कम मुलांकडून आधी वसूल करू नये असं शासनाने कॉलेजांना वेळोवेळी कळवलेलं आहे. अर्जात ते नम्रपणे एका वाक्यात लिहा. कागद आवक झाला की त्यावर काहीतरी उत्तर द्यावं लागतं, तोंडी बोलण्यावर कुणी देत नाही.

उद्या सीडिंग बघून इथे कळवा. मी वाट बघतोय.

निवृत्त_मास्तर | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

वरच्या भावांनी सगळं नेमकं सांगितलंय. एवढीच भर घालतो. अर्ज कुठल्या तारखेला कुणाकडे होता हे कुणीच सांगत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली सहसंचालक कार्यालयाकडे अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. तुमच्या १८ तारखेला ते कामाचं नाही, पण दुसऱ्या हप्त्यासाठी नक्की कामाचं. मी गावातल्या चार मुलांचे असे अर्ज लिहून दिलेत. दोघांचे पैसे उत्तर यायच्या आतच जमा झाले.

प्रश्न असा विचारा की उत्तरात तारीखच यावी. ‘का उशीर झाला’ असं विचारू नये. ‘अर्ज क्रमांक अमुक, तो दिनांक अमुकपासून आजपर्यंत कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्याची प्रत द्यावी’ असं लिहावं.

आणि प्रतिज्ञापत्रासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणालं तर आधी थांबा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. शंभराचं मुद्रांक शुल्क २०२४ च्या ऑक्टोबरात पाचशे झाल्यापासून गरिबांचे यात उगाच पाचशे-पाचशे जातात.

लेकीची_आई | ११ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी यंदा इंजिनिअरिंगला लागली. मुलींना पूर्ण फी माफ असं ऐकलं होतं, पण कॉलेजने निम्मी भरून घेतली. आम्ही खुल्या प्रवर्गातले, उत्पन्न तीन लाखांच्या आत. आमचं काही चुकलं का?

शिष्यवृत्ती_टेबल | ११ नोव्हेंबर, रात्री ८.५०

लेकीची_आई, २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, पण ती ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) या प्रवर्गांना, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर. तुम्ही खुल्या प्रवर्गात आहात, पण ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढलंय का? नुसता उत्पन्नाचा दाखला त्याजागी चालत नाही, हे दोन वेगळे कागद आहेत. प्रमाणपत्र असेल तर उद्याच ते घेऊन कॉलेजात जा. नसेल तर प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला ते वाटपपत्रावर बघा आणि मला इथे सांगा. या कागदापायी दरवर्षी कितीतरी मुली निम्मी फी भरतात, मला फार वाईट वाटतं.

ताई, तुमचं सीडिंग बघितलं का?

धाकट्याची_ताई | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१०

बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

सीडिंगच्या पानावर त्याच्या बँकेचं नावच नाही. एका पेमेंट बँकेचं आहे, जोडल्याची तारीख ११ जानेवारी २०२५. त्याला विचारलं तर आधी काही आठवेना. मग म्हणाला, हो, त्या महिन्यात दोन आठवडे किराणा पोचवायचं काम केलं होतं, मेसचे पैसे सुटतील म्हणून. तिथल्या माणसाने सिम दिलं, मशीनवर अंगठा घेतला आणि पगार यात येईल म्हणाला. काम झेपलं नाही, अभ्यास बुडायला लागला म्हणून सोडलं. सिम काढून ठेवलं, ॲप पुसून टाकलं.

आज तो खोलीत ते सिम शोधत होता आणि मी इकडून फोनवर धरून होते. पँटच्या घड्यांत, पुस्तकांत, सगळीकडे. शेवटी कंपासपेटीत सापडलं, खोडरबराच्या खाली. रिचार्ज मारला, ॲप पुन्हा घेतलं, ओटीपी आला. २७ मार्चला २४,००० जमा.

बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘ताई, साडेसात महिने हे माझ्याच नावावर पडून होते.’ एप्रिलपासून हा पोरगा रात्रीचं जेवण सोडून राहिलाय, हे मला आज कळलं. एकवेळच्या मेसचे पैसे वाचवून तो कॉलेजची बाकी भरायला बघत होता.

पण हा एकच हप्ता आहे. दुसरे २४,००० तिथेही नाहीत. आणि मेसेजचंही तुम्ही बरोबर ओळखलंत. प्रोफाइलमध्ये आबांचा जुना नंबर होता. पहिल्या वर्षाचा फॉर्म सेतूवर भरला तेव्हा आबा सोबत होते, तिथल्या मुलाने त्यांचा नंबर टाकला. तो फोन गेल्या उन्हाळ्यापासून देवळीत बंद पडलेला आहे. आता माझा नंबर टाकलाय.

दाखल्याची पीडीएफ सेतूवरून आणली, १८० केबीची आहे. बारकोडचे आकडे मी वाचले आणि त्याने भरले. रात्री साडेनऊला अर्ज पुन्हा सादर झाला. उद्या रात्री पुण्याला निघतेय. प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहिलाय, हमीपत्रासह. २४,००० भरून उरलेल्या २४,००० ची हमी द्यावी असं ठरवलंय. बरोबर आहे ना?

शिष्यवृत्ती_टेबल | १२ नोव्हेंबर, रात्री ११.३५

अगदी बरोबर. निम्मे समोर ठेवलेत तर प्राचार्य बहुधा नाही म्हणणार नाहीत. पेमेंट बँकेतून पैसे आधी त्याच्या मूळ खात्यात वळवा आणि कॉलेजला तिथून भरा, म्हणजे पासबुकात नोंद राहील. त्याच फेरीत मूळ बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या. ‘आधार लिंक आहे’ असं बँकवाले सांगतील. त्यावर थांबू नका. खात्याला आधार नुसता जोडलेला असणं वेगळं आणि थेट लाभासाठी एनपीसीआयला कळवलेलं असणं वेगळं. फॉर्मवर ‘थेट लाभासाठी’ असं लिहिलेलं असतं, तिथे खूण करा. चार-पाच दिवसांनी सीडिंगच्या पानावर नाव बदललेलं दिसलं की मगच निर्धास्त व्हा. नाहीतर दुसरा हप्ताही त्याच कंपासपेटीतल्या सिमवर जाईल.

आणि त्याला आजपासून दोन्ही वेळ जेवायला सांगा. माझ्याकडून सांगा.

शेवटचं_सेमिस्टर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

हे वाचून मी माझंही सीडिंग बघितलं. माझं बरोबर आहे, पण रूममेटचं दुसऱ्याच बँकेला निघालं. आज दोघं बँकेत जातोय.

धाकट्याची_ताई | १९ नोव्हेंबर, रात्री १०.५०

कळवायला उशीर झाला, कामावर दोन दिवसांची रजा भरून काढायची होती.

१४ तारखेला प्राचार्य भेटले नाहीत, विद्यापीठात बैठकीला गेले होते. मी आवक शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. दीड तास लागला. सोमवारी, १७ ला, त्यांनी भावाला बोलावलं, कागद वाचले, सीडिंगची प्रिंट दोनदा बघितली. विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ मग २४,००० भरून घेऊन उरलेल्या रकमेचं हमीपत्र ठेवून घ्या असं कार्यालयाला लिहून दिलं. पावतीवर ‘शिष्यवृत्तीपोटी’ असं लिहून घेतलंय. परीक्षेचा फॉर्म त्याच दिवशी दुपारी सव्वाचारला भरला.

दुसऱ्या हप्त्याच्या यादीत त्याचं नाव गेलंच नव्हतं. त्याच खिडकीवरच्या मॅडमनी शोधून काढलं. त्याच्या वर्गातली अजून नऊ मुलं त्यात निघाली. एका विषयाची हजेरी चढवायची राहिली होती म्हणून सगळी एकत्रच सुटली होती. मॅडमनी भावाला सांगितलं, त्या नऊ जणांनाही उद्या घेऊन ये. आता पुढे पाठवतो म्हणाल्यात. पोर्टल मागच्या वर्षाच्या हप्त्यांसाठी कधी उघडं मिळतं त्यावर ते अवलंबून आहे, म्हणून मास्तरांनी सांगितलेला माहिती अधिकाराचा अर्जही लिहून ठेवलाय. डिसेंबर उजाडेपर्यंत वाट बघते, मग टाकते.

मूळ बँकेचं सीडिंग कालपासून चालू दिसतंय.

म्हैस घरीच आहे. आबांना मी हे सगळं सांगायला बसले, तर त्यांनी मधेच विचारलं, ‘म्हणजे पोराचं काही चुकलं नव्हतं ना?’ मी नाही म्हटलं. मग ते उठून धार काढायला गेले.

आज सकाळी लॅबमध्ये नमुन्यांच्या नळ्या लावत होते तेव्हा मोबाइल वाजला. यंदाचा अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनवरून सहसंचालक कार्यालयाकडे गेल्याचा मेसेज होता.